तोंडातल्या टाचण्या

आत्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तो बंद करायची सोय कुणाकडेच नव्हती. गिऱ्हाईक यायचं पँट आखूड करायला, आणि जाताना शेजारच्या कुत्र्याच्या बाळंतपणापासून घरमालकाच्या कवळीपर्यंत सगळ्या बातम्या घेऊन जायचं. मशीन चालू असलं तर ती मशीनच्या वर आवाज काढायची. मशीन बंद असलं तर मग काय विचारता!

फक्त एका वेळी ती गप्प व्हायची, टाचण्या लावताना. कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून तिने मूठभर टाचण्या ओठांत धरल्या की संपलं. बोलायला जावं तर एखादी घशात जायची. मग दुकानात नुसतं घड्याळ ऐकू यायचं. आणि गंमत अशी, की लोक नेमके त्याच वेळी बोलायला लागायचे. एकदा एक धिप्पाड नवरदेव कोटाचं माप बघायला आला होता. तो आरशाकडे बघत म्हणाला, "मला लग्नाची फार भीती वाटतेय हो." आत्या "उं" म्हणाली. टाचण्या असताना तेवढंच म्हणता येतं. तो बिचारा मन मोकळं करून, हसतमुखाने गेला, आणि आत्याला उगाच वाटत राहिलं की आपण काय छान समजूत काढली त्याची!

दुकानाच्या भिंतीपलीकडे तिच्या धाकट्या भावाचं सलून होतं. तो तिच्याही वरताण. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून विनोद सांगायचा आणि वर दम द्यायचा, "हसू नका हं, कापेल." स्वतः मात्र सातमजली हसायचा. भिंत अशी पातळ, की तो विनोद सांगायचा पलीकडे आणि आत्या त्याचा शेवट आधीच सांगून टाकायची अलीकडे. भावाची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. घरातली तेवढी एकच बाई मोजकं बोलणारी. बाकी या घराण्यात कुणी गप्प बसलं तर ताप बघायचे.

आणि या सगळ्यांची लाडकी, भावाची एकुलती एक मुलगी. वय वर्षं आठ. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून नाव पडलं भिंगरी. तिच्या थापा म्हणजे घरादाराची करमणूक. शाळेच्या पाण्याच्या टाकीत एक उंट राहतो, तो फक्त तिलाच दिसतो. मुख्याध्यापकांना दोन मिशा आहेत, एक रोजची, एक समारंभाची. बाप हे सगळं मीठमसाला लावून सलूनमध्ये सांगायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "थापाडी आहे एक नंबरची, माझ्यावर गेलीय!"

तर अशा या भिंगरीला शाळेच्या नाटकात कोणतं काम मिळावं? गोगलगायीचं!

"मला घोडा व्हायचं होतं," ती दुकानात पाय आपटत आली.

"घोडा कुणीही होईल," आत्या म्हणाली. "पण नाटकभर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत जायचं, म्हणजे केवढं कठीण काम! बाईंनी तुझ्यावर सूड उगवलाय, दुसरं काही नाही."

भिंगरी खुदकन हसली. मग दोघींनी मिळून शंख बनवायला घेतला. आत्याने एका मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून सांगाडा केला, त्यावर कापूस भरलेलं कापड गोल गोल गुंडाळून टाचलं, आणि आत घालायला फिक्या पिवळ्या कापडाचा गळ्यापासून पायापर्यंतचा अंगरखा बेतला. पुढून एक लांब चेन. पहिल्या मापाला भिंगरी इतकी वळवळली, की आत्याने निम्म्या टाचण्या स्वतःच्याच बोटांत टोचून घेतल्या.

दुसऱ्या मापाला भिंगरी म्हणाली, "चेन नको. बटणं लाव."

"का गं?"

"चेन पटकन उघडते."

"उघडायलाच असते ती, राणी!" आत्याने कुरकुरत चेन उसवली, काजं केली, बटणं लावली. पुढच्या खेपेला भिंगरीला बटणं जवळ जवळ हवी झाली. त्याच्या पुढच्या खेपेला बटणांवरून आणखी एक पट्टी आणि पट्टीला हूक. "अगं, गोगलगाय आहे की किल्ल्याचा दरवाजा?" आत्या करवादली, पण हूक लावले. काजं करून करून तिच्या नाकी नऊ आले होते. नाटकाचं वेड आहे पोरीला, दुसरं काय, असं तिने भिंतीपलीकडे ओरडून भावालाही सांगितलं. भाऊ पलीकडून म्हणाला, "माझ्या सलूनचं कुलूप देऊ का शिवायला?" आणि सातमजली हसला.

त्या दिवशी शेवटचं माप होतं. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. भिंगरी आत आली आणि आधी खुंटीकडे गेली. खुंटीवर एक करड्या रंगाचा कोट टांगलेला होता, अर्धवट शिवलेला, एकच बाही लावलेला. तो वजीरकाकांचा. वजीरकाका म्हणजे भिंगरीच्या बाबाचा शाळेपासूनचा जिवलग मित्र. बुद्धिबळात पटाईत, म्हणून सगळे त्याला वजीर म्हणायचे. दर सुट्टीला जेवायला घरी यायचा, आणि जेवण तयार होईपर्यंत भिंगरीला तिच्या खोलीत बुद्धिबळ शिकवायचा. भिंगरीने कोट खुंटीवर उलटा फिरवला, तोंड भिंतीकडे. मग येऊन स्टुलावर उभी राहिली.

ती स्थिर उभी होती. आत्याने टाचण्या ओठांत धरल्या, अंगरख्याची कड दुमडली, आणि तिला कळलं की आज एकही टाचणी बोटात गेली नाही. भिंगरी वळवळत नव्हती.

"आत्या," भिंगरी आरशाकडे न बघता म्हणाली, "तुला एक सांगू? पण टाचण्या काढू नकोस हं."

"उं."

"वजीरकाका खेळ शिकवताना दार लावून घेतात. आणि मला नको तिथे हात लावतात. मी नको म्हणते तरी. ते म्हणतात, हा आपला गुपित डाव आहे. सांगितलंस तरी कोण खरं मानणार, तू तर थापाडी आहेस." ती थांबली. भिंतीपलीकडून बाबाचं हसू आलं. तिने आवाज आणखी खाली आणला. "मी बाबाला म्हटलं होतं, वजीरकाका मला आवडत नाहीत. तर बाबा हसला. म्हणाला, हरलीस वाटतं!"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय ओठांवर आलं तिच्या! काय म्हणतेस? कधीपासून? आणि इतके दिवस गप्प का राहिलीस? आणि, देवा रे, तेही आलं होतं: नीट आठव हं बाळा, उंटासारखं तर नाही ना हे? सगळं एकदम बाहेर पडणार होतं. पण तोंडात टाचण्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्या बाईला बोलायच्या आधी थांबावं लागलं.

तिने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचली. त्याला वेळ लागला, आणि त्या वेळात एकेक वाक्य गळून गेलं. शेवटची टाचणी निघाली तेव्हा सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं.

"मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस," ती म्हणाली. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी यात काडीची चूक नाही. चूक त्याची आहे, सगळीच्या सगळी."

भिंगरीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू ओरडणार नाहीस?"

"तुझ्यावर? कधीच नाही. जवळ घेऊ का तुला?"

"नको!" भिंगरी दचकून म्हणाली. "अगं, टाचण्या आहेत ना सगळीकडे, तुलाच टोचतील!"

आणि इतक्या सगळ्या वाईटात दोघींना हसू फुटलं. आत्या हसता हसता रडली, नाक ओढत अंगरख्याची बटणं सोडवत बसली. हूक, मग पट्टी, मग बटणं, मग आणखी बटणं. सोडवता सोडवता तिची बोटं थबकली. ही बटणं कशासाठी होती ते तिला आत्ता समजलं. पोर कितीतरी दिवस सांगत होती, आणि आपण काजं करत बसलो होतो. तिने शेवटचं बटण सोडवलं आणि भिंगरीला छातीशी घट्ट धरलं.

"आता कुणाला सांगू नकोस हं," भिंगरी तिच्या खांद्यात पुटपुटली.

हो म्हणणं किती सोपं होतं! "ते नाही जमणार, राणी," आत्या म्हणाली. "हे थांबवायचं तर मोठ्या माणसांना कळायला हवं. पण तुला ठाऊक नसताना मी काहीही करणार नाही. आई-बाबांना तू सांगतेस की मी सांगू?"

भिंगरीने बराच विचार केला. "आईला तू सांग. बाबाला मीच सांगेन. पण तो हसेल. नाही हसला तरी मधेच बोलेल." तिचा चेहरा एकदम उजळला. "आत्या! त्याच्या तोंडात टाचण्या दे ना!"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. असली अक्कल या घराण्यात आली कुठून?

आईला फोन केल्यावर ती पोस्टाची खिडकी बंद करून तशीच आली. आत्याने तिला मागच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली, कापडाच्या ताग्यावर बसली. "पण तो तर घरचाच..." एवढंच म्हणाली आणि तिने स्वतःच तोंडावर हात दाबला. मग उठून, तोंड धुऊन, बाहेर लेकीजवळ जाऊन बसली. काही विचारलं नाही. तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी आहे." मोजकं बोलणाऱ्या बाईचे ते दोन शब्द भिंगरीला पुरले.

आत्याने भिंत ठोकली. "दुकान बंद कर आणि इकडे ये!"

भाऊ आला तो कानाला साबणाचा फेस लावून. "काय गं ताई, गोगलगाय पळून गेली की काय?" बायकोला तिथे बघून तो थोडा चपापला. भिंगरी स्टुलावरून उतरली. तिच्या तळहातावर टाचण्या होत्या.

"बाबा, ह्या तोंडात धर. मी सांगेपर्यंत काढायच्या नाहीत."

त्याला वाटलं, खेळ आहे. त्याने टाचण्या ओठांत रांगेने धरल्या, भुवया उडवल्या, दोन्ही हातांनी मिशा पिळल्याचं नाटक केलं. हा भाऊ तिने कडेवर खेळवलेला, मनाने लोण्यासारखा, पण गंभीर गोष्ट कानावर पडली की विनोद करून सुटका करून घ्यायची, ही त्याची लहानपणापासूनची खोड. आत्ता हा हसला तर पोर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

भिंगरी सांगायला लागली. त्याच्या भुवया खाली आल्या. मग तिने नाव घेतलं.

"व..." त्याचं तोंड उघडलं आणि एक टाचणी टिणकन फरशीवर पडली.

भिंगरी थांबली. भावाने लेकीकडे पाहिलं, वाकला, फरशीवर चाचपून टाचणी शोधली, आणि ती स्वतःच्या हाताने परत ओठांत ठेवली. मग मांडी घालून तिच्यासमोर खालीच बसला.

तिने सगळं सांगितलं. दाराचं, डावाचं, थापाडी म्हटल्याचं, आणि "हरलीस वाटतं" तेही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून शर्टावर गळत होतं, पण त्याने ते पुसलं नाही, की ओठ हलवले नाहीत.

"आता काढ," ती म्हणाली.

त्याने टाचण्या काढल्या.

"तू मला आधीच सांगितलं होतंस," तो म्हणाला, "आणि मी हसलो. चुकलो मी. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे."

"उंट मी बनवला होता, बाबा," भिंगरी घाईने म्हणाली. "हे नाही बनवलं."

"माहीत आहे मला, बाळा."

भिंगरीने एवढा मोठा सुस्कारा टाकला, की टेबलावरची कापडाची चिंधी उडाली. "मला भूक लागलीय," ती म्हणाली.

त्यानंतर भाऊ उठला तो सरळ दाराकडे. मुठी वळलेल्या. आत्या आडवी आली. "कुठे निघालास? हात-पाय मोडून काय मिळणार, तू आत जाशील. पोरीला बाप जवळ हवाय आज. बस खाली." तो बसला. आईने तोवर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या नंबरवर फोन लावलाही होता. खिडकीवर बसते तशी ताठ बसून ती एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती.

पुढचं सगळं सोपं होतं असं कोण म्हणेल? पण बरीचशी माणसं चांगली निघाली. पोलिसांतली एक बाई आली, साध्या कपड्यांत, भिंगरीच्या शेजारी जमिनीवर बसली, सगळं एकदाच नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता हे पुन्हा पुन्हा कुणी विचारणार नाही, याची काळजी मी घेईन." वजिराला पोलीस घेऊन गेले. गल्लीत कुजबुज झाली. "इतका हसरा माणूस, खरं वाटत नाही," असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तर आत्याने त्याची पँट तशीच, एक पाय आखूड एक लांब, हातात ठेवली आणि दाराकडे बोट दाखवलं. करडा कोट तिने खुंटीवरून काढला, गुंडाळला आणि वजिराच्या घरी पाठवून दिला, एका बाहीचाच.

भिंगरी हळूहळू परत गरगरायला लागली. कधी मधेच गप्प व्हायची, तेव्हा कुणी ताप बघत नव्हतं, नुसतं जवळ बसायचं. फक्त एक झालं. सलूनमधलं हसू बंद झालं. भाऊ मुकाट्याने केस कापायचा, आणि गिऱ्हाइकं बाहेर येऊन आत्याला विचारायची, "यांच्याकडे कुणी आजारी आहे का हो?" आत्या विनोदाचा शेवट सांगायला भिंतीला कान लावून बसायची, पण पलीकडून विनोदच यायचा नाही.

आणि नाटकाचा दिवस उजाडला. रंगमंचामागे ही गर्दी! ससे रडताहेत, वाघाची शेपटी सापडत नाही, बाईंचा आवाज बसलेला. आत्या सुईदोरा घेऊन या प्राण्याकडून त्या प्राण्याकडे धावत होती, आणि तिने भावालाही जुंपलं होतं. तो तोंडात टाचण्या धरून मागे मागे फिरत होता, हात पुढे आला की एक काढून द्यायचा.

पहिली घंटा झाली आणि भिंगरी पाय आवळत आली. "आत्या! शू!"

"आत्ता? अगं, आत्ता तर चढवलाय शंख!"

"आत्ता!"

हूक, पट्टी, बटणं. आत्याची बोटं घसरत होती, गोगलगाय जागच्या जागी उड्या मारत होती. "कुणी लावलीत गं एवढी बटणं?" भिंगरी रडकुंडीला येऊन ओरडली.

"तुलाच हवी होती, बाई माझे! हटून बसली होतीस!"

"मग काढून टाक ना! मला नकोत आता. अडतात नुसती!"

आत्याने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग कात्री घेतली आणि कचाकच चालवली. बटणं फरशीवर टपाटप पडली, घरंगळत वाघाच्या पायाखाली गेली. भिंगरी धावत गेली, धावत आली. आत्याने वर गळ्याशी एकच हूक लावला, तोवर दुसरी घंटा होऊन पडदा उघडलाही होता, आणि गोगलगायीने नाटकभर सरपटत जायचं हे साफ विसरून भिंगरी रंगमंचावर भरधाव पळत सुटली. शंख पाठीवर उडतोय, पिवळा अंगरखा फडफडतोय, आणि समोरून ससा येतोय तर ती सशाला मागे टाकून पलीकडच्या टोकाला! सगळं सभागृह हसून हसून लोळायला लागलं.

भिंगरी पलीकडे पोचल्यावर तिला चूक कळली. तिने जीभ चावली आणि अलीकडच्या टोकाला बाबाकडे पाहिलं. तो पडद्याच्या कडेला उभा होता, ओठ घट्ट मिटलेले, टाचण्या तशाच.

ती तिथूनच, भर नाटकात, मोठ्याने ओरडली, "बाबा, तू का हसत नाहीस? विनोदी नाटक आहे! हसायचं असतं!"

भावाने आत्याकडे पाहिलं. आत्याने उशी पुढे केली. त्याने एकेक करून सगळ्या टाचण्या उशीत खोचल्या, शेवटची खोचली, आणि मग असा सातमजली हसला, की पुढच्या रांगेतल्या त्याच्या गिऱ्हाइकांनी माना उंचावून पाहिलं. गोगलगाय परत सुरुवातीच्या टोकाला आली, खाली बसली आणि बाबाचं हसू ऐकत ऐकत, अगदी हळू, सरपटायला लागली.